निरंक

दर महिन्याला मी आमच्या कॉलेजच्या वसतिगृहाचा अहवाल महाडच्या पोलीस ठाण्यात द्यायचो. चोरी, भांडण, मारहाण, सगळ्यांपुढे एकच शब्द: निरंक. नोंदवही सांभाळणारे हवालदार पेनाचं निब केसांना पुसायचे, ओळीओळीवरून बोट फिरवायचे आणि शिक्का उचलून विचारायचे, "काय राहिलं नाय ना, क्लार्कसाहेब?" मी "नाही" म्हटलं की शिक्का पडायचा.

एकदा माठातलं पाणी घेतलं म्हणून बौद्धवाडीतल्या विद्यार्थ्याला बाकीच्यांनी मारलं. हात मोडला त्याचा. प्राचार्य म्हणाले, "निरंकच लिहा." मी लिहिलं.

दवाखान्यातली बातमी हवालदारांपर्यंत गेली असणारच. त्यांचं बोट 'मारहाण'वर थांबलं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, वर स्वतःचं पेन ठेवलं. "मी चाय पिऊन येतो. काय राहिलं असंल तर लिवा."

ते आले तेव्हा कागद तसाच होता. त्यांनी शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो. त्यांनी न वाचताच शिक्का मारला. विचारलंच नाही.

आणि न विचारता मी कसला सांगतोय!