मामांच्या पेनाची निब

मामांचं पेन मी बिघडवलं, आणि ते त्यांना कळू नये म्हणून नंतर आठ-नऊ महिने धडपडत राहिलो. पहिली चूक निष्काळजीपणाची होती. दुसरी मात्र मी समजून-उमजून, थोडी थोडी करत गेलो.

मामा म्हणजे माझे सासरे. कडावला राहतात. भातशेती आहे, दोन म्हशी आहेत. शेती सांभाळून त्यांनी बरीच वर्षं गावातलं पोस्टाचं कामही पाहिलं. ओटीवर एक टेबल होतं, तेच पोस्ट. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं मामा लिहून देत. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं सकाळीच येऊन बसत आणि काय लिहायचं ते आठवत राहत. पेन त्या काळातलं. मरून रंगाचं, सोनेरी क्लिपचं, बोटं घसरू नयेत म्हणून पुढे पांढरा दोरा गुंडाळलेलं. त्या पेनाने त्यांनी अख्ख्या गावाची पत्रं लिहिली, पण पेन कुणाच्या हातात दिलं नाही. कुणी मागितलं तर म्हणत, "तू सांग रं, मी लिवतो." निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते आणि दुसऱ्याने दोन ओळी लिहिल्या तरी बिघडते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या लग्नात आहेराच्या यादीला बसलेल्या माझ्या काकांनाही त्यांनी ते दिलं नव्हतं. यादी स्वतः लिहिली.

मला हे माहीत होतं, म्हणून सांगतो.

मी दहिवलीला राहतो आणि मोहोपाड्याजवळच्या एका रसायनाच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. दोन वर्षांपूर्वी आमची हाताने भरायची रजिस्टरं बंद झाली. सगळे आकडे कॉम्प्युटरवर गेले आणि मला हाताने करायला फक्त सही उरली. कपाटं रिकामी करताना तळाशी शाईची न उघडलेली बाटली मिळाली, आणि एक साधं शाईचं पेन. दोन्ही भंगाराच्या खोक्यात टाकायची होती. मी ती डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. सोबत तपासणीच्या जुन्या छापील तक्त्यांचा एक गठ्ठा. पाठकोरा कागद, चांगला जाड.

रविवारी सकाळी पेन धुतलं, ड्रॉपरने शाई भरली आणि लिहायला बसलो. काय लिहायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून कंपनीच्या बसचे थांबे लिहिले. मग बायकोचं नाव, मुलीचं नाव, आमचा पत्ता. निब कागदावर जराशी खरखरत होती. उभी रेघ जाड उमटत होती, आडवी बारीक. शाई क्षणभर ओली चमकायची आणि मग कागदात बसायची. ती बसेपर्यंत हात पुढे नेता येत नव्हता, नाहीतर फराटा उठायचा. त्यामुळे मी हळू झालो. चौथ्या-पाचव्या ओळीला लक्षात आलं, की मी शब्दांवर शिरोरेघ देतो आहे. बॉलपेनच्या घाईत ती कधी सुटली होती कोण जाणे. शब्द लिहून व्हायचा, आणि मग डावीकडून उजवीकडे एका दमात वरची रेघ. शाळेत बॉलपेन वापरलं की गुरुजी ते काढून घेत. तेव्हा राग यायचा. आता एक पान भरायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात मला दुसरं काहीही आठवलं नाही. माझ्यासारख्या माणसाला, ज्याच्या डोक्यात सतत काहीतरी कुरतडत असतं, ही लहान गोष्ट नव्हती.

मग रोजचं झालं. चहा उकळेपर्यंत दोन-चार ओळी, रविवारी पान. लिहिण्यासारखं काही घडत नसे, तरी लिहीत असे. बोटाला डाग पडायचा, तो मी मुद्दाम घासून काढत नव्हतो. थोडी मिरवण्याची हौसही होती त्यात.

गणपतीत कडावला गेलो तेव्हा मामांनी तो डाग पाहिला.

"काय जावई, मतदान कधी झालं?"

मामी आतून म्हणाल्या, "इचारा त्यांना, मत कुणाला दिलं. रस्ता काय अजून झाला नाय."

"शाईचं पेन वापरतो हल्ली," मी सांगितलं.

मामा उठून आत गेले आणि पेन व एक लांबट वही घेऊन आले. वहीत शेतांची नावं होती. आमच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं. आजूबाजूच्या जमिनी फार्महाऊसवाल्यांनी घेतल्या, बांध मोडून भिंती घातल्या, आणि बांध गेला की नावही जातं. म्हणून मामा लिहून काढत होते. स्वतःची आणि शेजारच्यांचीही. एक पान, एक खाचर. एकाचं नाव पाणचोर, कारण कितीही बांध घाला, त्यातलं पाणी सकाळपर्यंत शेजारच्या खाचरात उतरलेलं असे. त्यावरून दोन भावांचं बोलणं कसं बंद झालं, तेही लिहिलं होतं. अक्षर सरळ, ठळक, प्रत्येक शब्दावर न तुटलेली शिरोरेघ.

"सातबाऱ्यावर नंबर असतो," मामा म्हणाले. "नाव नसतं. नंबर सगळ्यांना गावंल. नावं मलाच ठावं हायत. अजून पंधरा-वीस राह्यलीत." मग पेन झटकून म्हणाले, "हे मधेच अडकतं आता."

"द्या, मी साफ करून आणतो. लॅबमध्ये दिवसभर तेच तर करतो आम्ही."

मामांचा हात टेबलावर थांबला. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दुसरा कुणी असता तर नाही म्हणून मोकळे झाले असते. पण मागणारा जावई होता. त्यांनी पेन रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"जपून हां," एवढंच म्हणाले.

मी तीन दिवस ते पाण्यात ठेवलं. रोज पाणी निळं व्हायचं, निबेखालच्या काळ्या जिभेत मात्र शाईचा गाळ तसाच. चौथ्या दिवशी कामावर नेलं. प्रयोगशाळेत काचेचं भांडं आधी पाण्याने धुतात आणि शेवटी अ‍ॅसिटोनने. अ‍ॅसिटोन लगेच उडून जातं, भांडं कोरडं होतं. सव्वीस वर्षं मी दिवसातून वीसदा हे केलं आहे. त्याच हाताने पेन एका बीकरमध्ये उभं केलं आणि वरून अ‍ॅसिटोन ओतलं. तेवढ्यात टँकरचा नमुना आला. तो तपासून परत यायला अर्धा तास लागला.

बीकरमधलं अ‍ॅसिटोन कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. पेन एका बाजूला कलंडून मऊ पडलं होतं, गुळाच्या खड्यासारखं. चिमट्याने उचललं तर लांबलं. अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं हे मी नव्याने आलेल्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. काच नसलेली वस्तू त्यात घालायची नाही, असा कागद आमच्या भिंतीवर लावलेला आहे. तो माझ्याच अक्षरात आहे.

त्याच संध्याकाळी कडावला जाऊन सांगायला हवं होतं. अंतर अर्ध्या तासाचं. मी फोन केला आणि म्हणालो, निबेला वेळ लागतोय.

पुढचं लिहायला जड जातं. मी ठाण्यापर्यंत जाऊन तसंच मरून, सोनेरी क्लिपचं पेन शोधून आणलं. नवं दिसू नये म्हणून टोपण बारीक पॉलिश पेपरने घासलं. गोळ्यातून सोडवलेला मामांचा दोरा धुऊन, वाळवून त्यावर गुंडाळला. जुन्या पेनाचा गोळा, निब त्यात अडकलेलीच, नमुन्याच्या बाटलीत घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. टाकून का दिला नाही, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दिवाळीच्या पाडव्याला पेन त्यांना दिलं. मामांनी वही उघडली, एक ओळ लिहिली. अर्धी लिहून निब जरा वळवून पाहिली, पुन्हा लिहिली. मग टोपण लावलं.

"चांगलं साफ झालं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

त्यानंतर वही पुढे गेली नाही. आम्ही गेलो की ती टेबलाच्या कडेला तशीच दिसे, वर पेन आडवं ठेवलेलं. मामी सांगत, "लिवत नाय आताशा. म्हशींपाशी जाऊन बसतात. म्हशी काय नावं सांगनार हायत?" बायकोने मला विचारलं, बाबा लिहीत का नाहीत. मी म्हणालो, डोळे असतील. मोतीबिंदू आला असेल, या वयात येतो.

ते मी सहज बोललो. तिने मात्र मनावर घेतलं. पुढच्याच शनिवारी मी स्वतः मामांना कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डोळ्यांत थेंब घालून त्यांना तासभर बाकावर बसवलं होतं. ते डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसले होते आणि मी शेजारी. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. परत येताना रिक्षात मामा म्हणाले, "मी सांगितलं व्हतं, डोळ्यांना काय नाय." मी मान हलवली. त्या रिक्षातही सांगता आलं असतं.

सकाळचं माझं लिहिणं चालूच होतं, पण त्यातली मजा गेली होती. पान भरायचं, आणि ज्या गोष्टीबद्दल लिहायला हवं ती सोडून सगळं त्यात असायचं.

मग अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात, अनारसे देतात. मामींनी मला पाटावर बसवलं, औक्षण केलं. मामांनी ताट पुढे केलं. अनारसे, वर तेवता दिवा, आणि दिव्याशेजारी ते पेन.

"हे कशाला, मामा?"

"ऱ्हाऊ द्या तुमालाच. नवं हाय. आमच्या हाताला बसत नाय."

मामी हसून म्हणाल्या, "नवं कुठलं? त्यांच्या पोस्टातलं हाय ते!"

दिवा विझू नये म्हणून मामांनी हाताचा आडोसा धरला होता. मी वाकून नमस्कार केला आणि ताट घेतलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पाडव्यापासून माहीत असणार त्यांना. जावयाला कोण बोलणार?" आणि थोड्या वेळाने, "डोळे तपासायला नेलंत तुम्ही त्यांना."

तो आठवडा मी दुपारच्या सुट्टीत त्या गोळ्यावर काम केलं. निब आणि जीभ सोडवायला अ‍ॅसिटोनच वापरावं लागलं, या वेळी काडीला कापूस गुंडाळून, एकेक थेंब. निबेला काही झालं नव्हतं, आणि जीभ कडक रबराची, म्हणून तीही वाचली होती. भिंगाखाली पाहिली तर निबेचं टोक डाव्या अंगाने तिरकं झिजलेलं होतं, तेवढंच, नखाच्या कडेइतकं. नव्या पेनातली निब काढून ही बसवली. जीभ किंचित जाड होती, ती घासावी लागली. एक चाचणीची रेघ ओढायचा मोह झाला. ओढली नाही. शाई न भरता पेन आणि दोरा वेगवेगळे रुमालात बांधले.

रविवारी सकाळी एकटाच कडावला गेलो. मामा ओटीवर बसून विळ्याला धार लावत होते. मला एकट्याला पाहून त्यांनी विळा बाजूला ठेवला.

"एकलेच? ती नाय आली?"

"नाही."

रुमाल त्यांच्यापुढे सोडला. त्यांनी पेन उघडून निब उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग अंगठ्याच्या नखावर तिचं टोक हलकेच फिरवलं. टोपण लावलं, पेन टेबलावर वहीजवळ ठेवलं, दोरा उचलून बोटाला गुंडाळत राहिले.

"हं," ते म्हणाले. "आता बोला, जावई."

मी ओटीच्या पायरीवर बसलो होतो, ते वर. तसाच बसून म्हणालो, "मामा, तुमचं पेन माझ्या हातून विरघळलं, चुकीच्या औषधात घातल्यामुळे. ते मी लपवलं. दुसरं आणून, जुनं दिसावं म्हणून घासून, तुमचंच म्हणून तुम्हाला दिलं. तुमच्या डोळ्यांत काही नाही हे माहीत असून डॉक्टरकडे नेलं. माझ्यामुळे तुमची वही थांबली. मी जावई आहे, तुम्ही मला बोलणार नाही, त्याचाच मी फायदा घेतला. माझं चुकलं. मला माफ करा."