पाच पायलीची बॅटरी आन शकुनबाई

मी हे लिहिणार नव्हती. दोनदा लिहायले बसली आन दोनदा पुसून टाकलं, कारण यात माझीच लाज निघते. पण काल वर्गातल्या तृप्तीनं विचारलं की फोनची बॅटरी कोठं चेक करून भेटते, मी तिले शकुनबाईचं दुकान सांगायले लागली आन सांगता सांगता मले रडूच आलं. तिले वाटलं माझा फोन चोरीले गेला. म्हणून आता एका दमात लिहून टाकते. चुका असतील तं असू द्या, मी लय भरभर टाइप करते.

माझी आई, ललिताबाई, आमच्या गावची आशाताई आहे. कोणाले कळा सुरू झाल्या की पहिला फोन आईले येते, मग आई गाडी बोलावते आन त्या बाईसंगं दवाखान्यात जाते. गेल्या महिन्यात नहरापलीकडच्या टोलीवर, त्या लहानशा वस्तीत, डिंपल होती, पहिलंच बाळंतपण. तिचा नवरा नागपूरले कामावर. घरी फक्त सासू, आन सासूले ऐकू कमी येते. डॉक्टरनं दिलेली तारीख चार दिवसांवर आली होती. डिंपलले एकच नंबर पाठ होता, आईचा.

आन आईचा फोन दुपारीच बंद पडून राहिला होता.

रात्रभर चार्जिंगले लावला तरी सकाळी चाळीस-पंचेचाळीस टक्के. आई सहाले निघे, बाराले फोन मेलेला. मी एक अ‍ॅप टाकलं, त्यानं सांगतलं बॅटरी हेल्थ ५८ टक्के. झालं, मी आईवर चढलीच. म्हटलं, "तू दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ पाहतेस, तूच खाल्ली बॅटरी." आईनं फोन उलटा ठेवला आन भाकरी थापायले बसली. तुमसरच्या एका दुकानात दाखवला, थो म्हणे बॅटरी गेली, या मॉडेलची पंधरा दिवसांनी येईल. पंधरा दिवस डिंपल कशी थांबणार?

मग कोणीतरी सांगतलं, सिहोऱ्याच्या शकुनबाईले दाखवा.

रविवारी सकाळी नऊले आम्ही दोघी पोचलो. स्टँडच्या मागच्या गल्लीत टिनाचं दुकान, दारावर नाव नाही. आत साठीच्या वरची एक बाई, जाड भिंगाचा चष्मा, सुती लुगडं, आन लुगड्याच्या पदराले बारीक बारीक भोकं. मले वाटलं उंदरानं कुरतडलं. नंतर कळलं बॅटरीतल्या तेजाबाची, अ‍ॅसिडची भोकं आहेत. तिचा नवरा जागेश्वर पहिले मोठ्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा. गावात लाइन नव्हती तवा लोकं बॅटरीवर टीव्ही लावत, सायकलच्या कॅरिअरवर बॅटरी बांधून आणत. शकुनबाई काचेची नळी बुडवून आतला मणी किती वर येते ते पाहायची आन बॅटरीत किती जीव आहे ते सांगायची. नवरा गेला, मोठ्या बॅटऱ्या गेल्या, मग बटनवाले फोन आले, मग हे. ती सगळ्यांसंगं चालत आली. शाळा चौथी.

"किती वर्साचा हाय?" तिनं फोन हातात घेऊन विचारलं.

"तीन वर्षं झाले," आई म्हणे.

मी लगेच म्हटलं, "मावशी, अ‍ॅप अठ्ठावन टक्के सांगते."

"अ‍ॅपनं कधी धानाची पायली भरून पायली का?" ती म्हणे. मग फोनचा नंबर लावायचा पडदा उघडला आन बोट नाचवलं. स्टारले ती चांदणी म्हणे आन हॅशले जाळी: चांदणी, जाळी, चांदणी, जाळी, चार सहा तीन सहा, मग उलट जाळी चांदणी जाळी चांदणी. एक इंग्रजी पान उघडलं. तिले इंग्रजी वाचता येत नाही, पण एका शब्दावर बोट ठेवून म्हणे, "हे पाय, गुड लिवलं हाय. काही फोनात हे पान उघडते, काहीत नाही. पण हा मेला सगळ्यायलेच गुड म्हणते. लग्न जुळवणाऱ्यासारखा. याच्यावर इश्वास नाही ठेवायचा."

आई किती दिवसांनी हसली ते मले माहीत आहे.

मग तिनं फोन काउंटरवरच्या काचेवर पाठीवर ठेवला आन एका कोपऱ्याले टिचकी मारली. फोन जरासा सरकला आन थांबला. "पोट नाही आलं," ती म्हणे. "बॅटरी फुगली असती तं मागचं झाकण वर आलं असतं, हा भोवऱ्यासारखा फिरला असता. आता राह्यलं मोजणं. दिवसभर लागंल. फोन ठेवून जा."

आईचा चेहरा उतरला. "नाही जमत वो शकुनबाई. एका पोरीचे दिवस भरले हायत. तिचा फोन कधीबी येईल."

शकुनबाईनं स्वतःचा बटनवाला फोन काढला, मागचं झाकण उघडलं, आपलं सिम काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं. आईच्या फोनातलं सिम प्लास्टिकच्या चौकटीत बसवून आपल्या फोनात टाकलं आन फोन आईच्या हातात दिला. "ने. याची बॅटरी चार दिवस चालते. इथं फोन ठेवणारी बाई माहाच फोन घेऊन जाते, हे नेहमीचंच हाय."

"अन तुमाले कोणाचा फोन आला तं?"

"माह्यावर कोण बसलं फोन करायले," ती म्हणे.

आई बसनं परत गेली. मी थांबली, कारण आईच्या फोनात बायांच्या नोंदी, फोटो, सगळं होतं. आता इथं माझी पहिली लाज लिहायची आहे, पण ती मले त्यावेळी कळलीच नव्हती, म्हणून जशी घडली तशीच सांगते. माझ्या हातात माझा चांगला फोन होता. मी रील पाहून राहिली होती.

शकुनबाईनं आपला चार्जर लावला. चार्जर आन वायर यांच्या मधात बोटभर मीटर, त्यावर आकडे. आकडा वर गेला, खाली आला, शून्य, पुन्हा वर. तिनं वायर काढली, परत लावली, कान जवळ नेला.

"टक नाही वाजून राह्यलं," ती म्हणे. "वायर पुरी आत जातच नाही."

तिनं फोन बंद केला. भिंग डोळ्याजवळ धरलं आन बांबूची एक बारीक काडी चार्जिंगच्या भोकात घातली. डावा हात थरथरत होता म्हणून तिनं मनगट टेबलाच्या कडेले दाबून धरलं. हळू हळू काहीतरी भुरकट निघालं, दाबून बसलेलं, पिठासारखं. तिनं ते तळहातावर घेतलं, बोटानं चोळलं, वास घेतला. मी पाहतच राहिली. पूजेत अंगारा घेतात तसं घेतलं होतं.

"हा कोंडा हाय," ती म्हणे. "मिलमधून ताज्या आलेल्या तांदळाचा. फोन तांदळात कोणं खुपसला होता?"

मी रील बंद केली.

जुलैमध्ये धानाच्या रोवण्याच्या टायमाले आई शेताच्या धुऱ्यावरून घसरली होती आन फोन बांधीतल्या पाण्यात पडला होता. मीच म्हटलं होतं की ओला फोन तांदळात ठेवला की सुकते. मीच तांदळाच्या कोठीत दोन दिवस दाबून ठेवला होता, भोक खाली करून, कारण मले वाटलं पाणी खाली निथळेल. त्याच दिवशी मिलमधून तांदूळ आले होते, कोंड्यानं माखलेले. फोन सुरू झाला तवा मी आख्ख्या घरात मिरवली होती.

"मी," मी म्हटलं.

"या महिन्यातली तू सातवी हायस," शकुनबाई म्हणे. "पुण्या-मुंबईच्या फोनात वाळू निघत असंल, मले माहीत नाही. आपल्या इकडच्या फोनात कोंडाच निघते. ओला कोंडा सिमेंटवानी बसते. मग रोज वायर खुपसून खुपसून तुमी थो आणखी आत ठासता."

"म्हणजे बॅटरी चांगली आहे? मग द्या ना, मी जाते."

"बस. कोंडा निघाला म्हणून बॅटरी चांगली, असं कोणं सांगतलं? दोन दुखणे एका माणसाले नाही होत का?"

मग तिनं आईच्या फोनचा उजेड पूर्ण वाढवला, टॉर्च लावली, व्हिडिओ लावला आन फोन पार रिकामा करायले ठेवला. बारा वाजता तो आपोआप बंद पडला. तवा तिनं मीटर शून्यावर आणला आन चार्जर लावला. आता टक वाजलं, मीबी ऐकलं. आकडा चढायले लागला, एकसारखा.

"ही पाच हजार एमएएचची बॅटरी हाय नं, हजाराले एक पायली धरून मी तिले पाच पायलीची कोठी म्हणते," तिनं समजावलं. "नवी होती तवा पाच पायली धरत होती. आता रिकामी कोठी भरून पायची, किती मावते. दुसरा इलाज नाही. दाराबाहेरून पाहून कोठी किती भरली हे कोणाले सांगता येते का? तुहं अ‍ॅप तेच करून राह्यलं होतं. वायर अर्धी लागलेली, धार तुटून तुटून येऊन राह्यली, अन थे म्हणते कोठीच लहान झाली."

मी सायन्सची विद्यार्थिनी आहे. हे मले कोणी इतकं सोपं करून सांगतलं नव्हतं. ती चौथी शिकलेली बाई लुगड्याची भोकं झाकत बसली होती आन मी तिच्यासमोर तोंड उघडं ठेवून बसली होती.

दोन वाजता माझा फोन वाजला, शकुनबाईच्या फोनातून आईचाच नंबर. आई धापा टाकत होती. "हर्षा, डिंपलचा फोन आला वं. गाडी बोलावली, मी टोलीवर जाऊन राह्यली." आन कट.

शकुनबाईनं माझा चेहरा पाहिला आन देवाच्या फोटोकडं एकदा हात जोडले. मग परत मीटरवर डोळे.

साडेतीन वाजता आकडा थांबला. चार हजार सहाशेच्या वर. तिनं ओठात हिशोब केला. "थोडं वाटेत सांडते, गरम होण्यात जाते. तरी सव्वाचार पायली पक्की. तीन वर्साच्या फोनात पाऊण पायलीच गेली. तुह्या मायनं जपून वापरला हाय."

म्हणजे पंच्याऐंशी टक्के. मी पंधरा दिवस आईले व्हिडिओवरून टोमणे मारले होते.

त्यानंतर शकुनबाई सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहायले लागली. चार वाजले. तिनं चष्म्याची डबी उघडली, आतलं सिम पाहिलं, डबी बंद केली.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही. आज इतवार हाय नं."

"मग?"

"चंद्रकला, माही पोरगी. भिलाईले देली. इतवारी चारले फोन करते. बाकीच्या दिवशी तिले सवड नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही तुमचा फोन काहून दिला?"

"थे उद्या करंल. बाळ उद्यावर ढकलता येते का?"

आन तवा मले कळलं. आईचं सिम माझ्या फोनात टाकून आईले देता आलं असतं. सकाळीच. माझा फोन तिथंच होता, सगळ्यांच्या समोर.

"माझा फोन होता नं," मी म्हटलं. "तुम्ही पाहिला नव्हता का?"

"पायला नं. तू तं त्याले असा धरला होता, जसा कोणी हिसकूनच नेते." ती हसली, चिडून नाही. "कायले मागायचा म्हटलं."

मी माझं सिम काढलं. माझ्या फोनातली दुसरी खाच खराब आहे, एकच चालते. माझं काढलं म्हणजे आईची खबर मले येणार नव्हती, हे मले माहीत होतं, आन तरी काढलं. शकुनबाईचं सिम टाकलं आन फोन तिच्यासमोर काचेवर ठेवला. आम्ही दोघीबी त्याच्याकडं पाहत बसलो. चार वाजून दहा. सतरा. बावीस मिनिटांनी वाजला.

"कुठी होती माय? कवापासून बंद येऊन राह्यला," तिकडून आवाज.

"मी इथंच होती वं. फोन गावाले गेला होता," शकुनबाई म्हणे.

त्या पाऊण तास बोलल्या. भाजी काय केली, नातवाचा दात, दिवाळीनंतर माय भिलाईले कायमची येणार म्हणून कोणती खोली खाली करायची. मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. डिंपलचं काय झालं असेल हेच डोक्यात होतं, पण मी आत जाऊन फोन मागितला नाही.

मग सिम बदललं आन आईले लावला. आई दवाखान्यात होती. "पोरगी झाली," ती म्हणे. "दोघीबी बऱ्या हायत. तुले दोनदा लावला, बंद होता."

"माझा फोन कामात होता," मी म्हटलं.

शकुनबाईनं ऐकलं आन कागदाच्या चिटोऱ्यावर "सव्वाचार पायली" लिहून आईच्या फोनच्या कव्हरात घातलं. तिचा बटनवाला फोन मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं नेऊन दिला. आईची माफी मागितली का, तं हो, मागितली. ती म्हणे, "भाकरी खाऊन घे." तिच्या फोनात आता संध्याकाळीबी तीस टक्के राहते.

शकुनबाईचा डावा हात आता जास्त थरथरते. ती म्हणते दिवाळीपर्यंतच, मग बोटं ऐकणार नाहीत, मग भिलाई. म्हणून हे लिहिलं. नवा फोन घ्यायचा विचार असेल, अ‍ॅपनं काही आकडा सांगतला असेल, तं आधी सिहोऱ्याले जा, स्टँडच्या मागची गल्ली, बिननावाचं टिनाचं दुकान. दिवाळीच्या आधी जा. ती आपला फोन तुमच्या हातात ठेवेल, त्याआधी तुमच्या खिशातला दुसरा फोन काउंटरवर ठेवा. आन रविवारी गेले तं चार वाजता तिले बोलू द्या, तुम्ही बाहेर उभे राहा.