दर्यापारचा वाकस

दुपारी भरतीचं पाणी खाडीत चढलं की माझ्या मांडवात उजेड हलायला लागायचा. पाण्यावरचं ऊन उलटून झावळ्यांच्या छपराला लागायचं, अर्ध्या बांधलेल्या होडीच्या फळ्यांना लागायचं आणि तिथेच डुलत राहायचं. होडी ओंडक्यांवर उभी, पाण्यापासून पंचवीस पावलं लांब. पण त्या उजेडात ती चालल्यासारखी दिसायची. त्या उन्हाळ्यात मी रोज जेवून तिच्यात आडवा व्हायचो. झोपायला नव्हे, वाट बघायला. झोप लागायची ती गोष्ट वेगळी.

वाट बघत होतो एका वाकसाची. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, कुदळीसारखं आडव्या पात्याचं. आम्ही होड्या बांधणारे सुतार, आमचा अर्धा हात तोच. माझ्या बापाचा वाकस साधा नव्हता. त्याच्या पात्याच्या दोन्ही कडा वर वळलेल्या होत्या, ओंजळ केल्यासारख्या. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आतून पोकळ करताना सरळ पातं कोपऱ्यात अडतं आणि लाकूड चिरतं. बापाचा वाकस तिथे नारळातली मलई काढावी तसा गोल फिरायचा. बंदराला लागलेल्या एका परदेशी जहाजावरच्या सुताराने तो दोन फणसांच्या बदल्यात दिला, असं बाप सांगायचा. आई म्हणायची, एकच फणस होता आणि तोही बरका.

पन्नास वर्षं धार लावून लावून ते पातं दोन बोटं उरलं. खाडी फायबरच्या होड्यांनी भरली त्या सुमाराला एक दिवस ते बुडाशी तडकलं. कट्टा गावच्या लोहाराकडून मी तीन वाकस करून घेतले. एकाची धार वळली, एकाचा टवका उडाला, तिसरा बरा होता पण त्याला ओंजळ नव्हती. लोहार म्हणाला, "तात्यानू, ह्येच्यापेक्षा बरो माका जमणा नाय. आता तुमीच हात बदला." मी उठलो तो परत त्या भट्टीची पायरी चढलो नाही.

आणि नेमकी तेव्हाच माझ्या मांडवात एक होडी उभी होती. माझ्या जोडीदाराची. आम्ही दोघे एका वयाचे, एकाच दिवशी शाळेतून पळालेले. मी लाकडाकडे गेलो, तो रापणीवर. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून वीस-पंचवीस माणसांनी ओढायचं जाळं. जन्मभर त्याने दुसऱ्याचं जाळं ओढलं आणि आपल्या वाट्याचे मासे टोपलीतून घरी नेले. गुडघे गेले तेव्हा म्हणाला, आता खाडीत एकट्याने फिरायचं, लहान होडी बांधून दे.

"फायबराची घे, लवकर गावतली," मी म्हटलं.

"तुझ्या हातची व्हयी. आणि आयक, नारळी पुनवेक पाण्यात व्हयी. आजपर्यंत माझो नारळ मी दुसऱ्याच्या होडयेतसून टाकलंय. ह्या वर्षा माझ्या होडयेतसून पडाक व्हयो."

मी शब्द दिला. फळ्या झाल्या, वाक म्हणजे आतल्या फासळ्या बसल्या, सांध्यांत कापूस ठासून झाला. राहिली नाळ. आणि मी सांगून टाकलं की ओंजळीचा वाकस हातात आल्याशिवाय नाळीला हात लावणार नाही. बापाने तशी केली, मी तशी केली, आता म्हातारपणी सरळ पात्याने चिरून देऊ?

शिमग्याला मुलगी पुण्याहून आली. कणकवलीला गाडीतून उतरली ती एक काळी पेटी घेऊन. तिचं सगळं काम त्या पेटीतच चालतं. मांडवात होडीच्या काठावर ती पेटी ठेवून तिने मला जगभरचे वाकस दाखवले. एका चित्रावर मी थांबलो. तीच ओंजळ. कुठल्याशा थंड मुलखातला लोहार, अजून हाताने घडवतो म्हणे. मी काचेवर पंजा ठेवून माप घेतलं.

"लहान आसा गो."

तिने कुठेसं बोट लावलं, वाकस वाढला. "आता?"

"आता मोठो झालो."

"बाबा, फोटो आसा तो! खरो केवढो तां खाली लिवलेला आसा."

मग ती काहीबाही दाबत बसली आणि म्हणाली, झालं. काय झालं? तर घेतला. मी आयुष्यात कुठलंही हत्यार हातात न धरता, पात्यावर खिळा वाजवून कानाने न ऐकता घेतलेलं नाही. आणि हा घेतलाही. म्हणाली, विमानाने येईल, महिन्यात. लोखंड कधी आभाळातून येतं? मी तिच्याशी वाद घातला नाही, पण मनात मी त्याला जहाजावरच चढवला.

मग चैत्रभर तो माझ्याकडे येत राहिला. होडीत पाठ टेकली, वर उजेड डुलायला लागला, की मला तो दिसायचा. जहाजाच्या तळाशी, भुसा भरलेल्या खोक्यात, कडा वर करून निजलेला. वर खलाशी चालताहेत, त्यांची भाषा त्याला समजत नाही. जहाज कलतं तसा तो खोक्यात या अंगावरून त्या अंगावर होतो. एकदा दिसलं की जहाज आमच्याच खाडीच्या तोंडाशी आलंय आणि वाट विचारतंय, आणि मी उठून हात करणार तेवढ्यात हाताला होडीची फळी लागली. एकदा बाप दिसला. काठावर बसून धार बघत होता, अंगठा आडवा फिरवून. मला म्हणाला, इलो काय? मी म्हटलं, येता.

वैशाखातल्या अशाच एका दुपारी मांडवाच्या तोंडाशी सायकल थांबली. नेहमीचा पोस्टमन लग्नासाठी रजेवर होता, हा बदली होता.

"तात्यानू, रजिस्टर आसा. सही करा."

मी डोळे उघडले नाहीत. "खंयसून?"

"मुंबयसून."

"सरकारी?"

"शिक्को तरी तसोच दिसता."

"परत धाड. नाय घेणा म्हणान लिव."

आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक घराचा एक तरी भाऊबंद मुंबईला असतो आणि सामायिक जमिनीत त्याचा हिस्सा असतो. माझे चुलतभाऊ तर गेली वीस वर्षं या खाडीकाठच्या मांडवाच्या जागेवरूनच कोर्टात जाण्याची भाषा करत होते. मुंबईचं रजिस्टर म्हणजे नोटीस. बापाने मला अक्षरं शिकवली नाहीत पण हे शिकवलं: सही केलीस की अडकलास, घेतलंच नाहीस तर तुझ्यापर्यंत काही आलंच नाही. सायकल गेली. तिची कडकड माडांतून लांब जाताना मी ऐकली आणि पुन्हा जहाजात उतरलो.

ज्येष्ठ लागला. वाकस नाही. चहाच्या टपरीवर मंडळी मला बघून खाकरायची.

"काय तात्या, वारो नाय काय बोटीक?"

"वारो कसलो, पेवत येता तो! दमलो की मधी बेटार बसता."

मी म्हणायचो, हत्यार पाठवणाऱ्याने पाठवलं, पोस्टाने खाल्लं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मग तेच खरं झालं. जोडीदाराला तर ते इतकं पटलं की तो दुखऱ्या गुडघ्यांनी तालुक्याच्या पोस्टात गेला आणि मास्तरांसमोर टेबलावर हात आपटून आला. त्याआधी म्हणाला होता, देवळात कौल लावू, देव सांगेल वाकस कुठे आहे. मी म्हटलं, "देवाक पोस्टमन करू नको." पोस्टात जायला मात्र त्याला अडवलं नाही.

आषाढात मुलीचा फोन आला. घरच्या काळ्या फोनवर. बाहेर पाऊस, तिचा आवाज बारीक.

"बाबा, मुंबयच्या परदेशी टपालाच्या कचेरीतसून तुमका रजिस्टर पत्र इल्ला काय?"

"नाय."

"इल्ला नाय, की घेवक नाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाकस मुंबयत येऊन पडल्लो, बाबा. सोडवूक तेंका तुमच्या सहीचो एक कागद व्हयो होतो, वस्तू कसली ती सांगणारो. पत्र परत गेला. वर लिवलेला आसा, घेण्यास नकार."

"मगे वाकस खंय आसा?"

"तांच कळणा नाय. मुंबयवाले म्हणतत परत धाडलो. तो लोहार म्हणता, माका पावलो नाय."

"पोस्टान खाल्लो असतलो," मी म्हटलं. तोंडातून तेच आलं.

"बाबा," ती म्हणाली. बस, एवढंच. मग फोन कटला, का तिने ठेवला.

ते मी कुणाला सांगितलं नाही. आठ दिवस मांडवात जात होतो, बसत होतो, येत होतो. पावसात ऊन नसतं तरी खाडीचा राखाडी उजेड फळ्यांवर पडतो. त्यात मला आता जहाज दिसत नव्हतं. दिसायचं ते असं की वाकस चालत चालत मांडवाच्या तोंडाशी येऊन उभा आहे, भिजलेला, कडा वर करून, आणि मी डोळे मिटून त्याला म्हणतोय, परत जा.

नवव्या दिवशी जोडीदार आला. इरलं बाहेर ठेवलं आणि कनवटीतून पैसा काढावा तसा काखेतून एक नारळ काढला. सोललेला, शेंडी राखलेला. आपल्या दारच्या माडाचा, सगळ्यात मोठा निवडून ठेवलेला.

"बग, कसो आसा."

"बरो आसा."

त्याने होडीच्या काठावरून हात फिरवला, नाळीपाशी थांबला. तिथे लाकूड अजून ओंडक्यासारखं भरीव. "नाय झाली तर नाय झाली रे," तो म्हणाला. "त्या पोस्टवाल्यांच्या नावान खडे फोडून काय होवचा आसा? हो नारळ मी काठावरसून टाकीन. पाणी तांच."

तो चिडला असता तर मी अजून एक वर्ष गप्प राहिलो असतो. माझा स्वभाव तसा आहे. पण तो नारळ परत काखेत घालायला लागला.

"पोस्टान नाय खाल्लो," मी म्हटलं. "दारात इल्लो. मीच परत धाडलंय."

आणि सांगितलं सगळं. सायकल, शिक्का, मिटलेले डोळे. तो ऐकत होता. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसता हसता तो खोकला, खोकता खोकता ओंडक्यावर बसला.

"मेल्या! आणि माझ्याकडून पोस्टमास्तराक गाळयो घालून घेतलंस!"

"तू आपणहून गेलंस."

"गेलंय तर! पाय खरडत!" त्याने डोळे पुसले. "पण मुंबयचा रजिस्टर... मी पण घेवक नसतंय रे. घेवक नाय. गेल्या वर्षा एक धाडलंय परत."

"काय होता त्यात?"

"देवाक म्हायत. होडीच असतली."

तो उठून परत नाळीपाशी गेला. मग तो म्हणाला, "बापाशीचो तडकलेलो खंय आसा?"

तो खुंटीवर होता. शेजारी मी नव्यासाठी एक रिकामी खुंटी मारून ठेवली होती. तडकलेल्या पात्यावर घाव घालता येत नाही, हे मी गेलं वर्षभर सगळ्यांना सांगत होतो, आणि ते खरंच होतं. पण घाव घातलाच पाहिजे असं कुठे होतं? मी दांडा काढला. पात्याला तांब्याची तार आवळली, मागे काथ्या गुंडाळला आणि ते दोन बोटांचं पातं मुठीत धरून नाळीत शिरलो. तासायचं नाही, खरवडायचं. दिवसाला वीतभरसुद्धा होत नसे. पालथा पडून, खांदे लाकडात अडकलेले, तोंडात भुसा. त्या अंधारात मला बापाचा हात स्पष्ट आठवला. तो नाळ करताना डोळे मिटायचा. मला लहानपणी वाटायचं झोपला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी बाहेर आलो. नाळ पोकळ झाली होती, पण आत बारीक बारीक वळ्या राहिल्या होत्या. तशी होडी मी जन्मात मांडवाबाहेर काढली नव्हती. जोडीदाराने आत हात घातला आणि बोटं चालवली.

"ओहोटीची रेती लागता कशी हाताक," तो म्हणाला. "ऱ्हावंदे. पुसू नको."

दुसऱ्या दिवशी आठ माणसांनी होडी उचलली. खाडीच्या तोंडाशी त्याने वल्हं थांबवलं, नारळ कपाळाला लावला आणि सोडला. नारळ बुडाला, वर आला आणि आमच्याच बाजूने थोडा चालला. मी नाळीत बसलो होतो. पाणी फळीच्या पलीकडून, वळ्यांच्या पाठीमागून बोलत होतं.

आठवड्याने मांडवाशी सायकल थांबली. तोच बदलीवाला पोस्टमन, आता इथलाच झालेला. लांबच उभा राहिला बिचारा, टपरीवर मी त्याच्या खात्याला काय काय म्हणत होतो ते त्याच्या कानावर गेलं असणार.

"तात्यानू, रजिस्टर आसा. मुंबयचा. परत धाडू?"

"थांब मरे."

मी हात धुतले. धोतराला पुसले. पूर्ण नाव लिहून सही केली, आडनावासकट. त्याला एक शहाळं फोडून दिलं. तो उभ्यानेच प्यायला. मग पाकीट फाडलं. मराठीतच होतं, लावून लावून वाचलं.

खाडीतून हाक आली. तो आपल्या होडीत उभा होता, गळ टाकून, त्याला सायकल दिसली होती.

"वाकस इलो काय रे?"

"नाय," मी ओरडलो. "चुलतभाव इले!"

त्याचं हसणं पाण्यावरून माझ्यापर्यंत येईस्तोवर मी ती नोटीस रिकाम्या खुंटीला टोचली, आणि तिच्याखाली पाठ टेकून जरा डोळे मिटले.