नामपूरच्या धाब्यावरचे दात

माझा धंदा गाठी वाचण्याचा. सर्जननं काढलेली गाठ माझ्याकडे येते, मी तिचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि ती कुठल्या जातीची ते लिहून देते. नव्वदच्या दशकात नाशिकच्या सीबीएस बसस्टँडमागच्या गल्लीत, एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर, माझी दोन खोल्यांची लॅब होती. गाठ बाटलीत घालून पेशंटचे नातेवाईकच एस्टीनं आणून द्यायचे. बाटली म्हणजे बहुधा लोणच्याची बरणी. पिंपळगाव बसवंतहून आलेल्या एका गृहस्थांना शेजारच्या प्रवाशानं विचारलं होतं, कैरीचं का लिंबाचं? त्यांनी लिंबाचं सांगितलं. मला हे त्यांनी अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, आणि मीही तितक्याच सरळ चेहऱ्यानं पावती फाडली.

तोंडातून येणाऱ्या बहुतेक गाठी तंबाखू-मिश्रीच्या असत. त्या गालाच्या किंवा हिरडीच्या कातडीतून उगवतात, आणि पेशंटची चंची बघितली की निम्मा रिपोर्ट तिथेच लिहून व्हायचा. जबड्याच्या हाडाच्या आत वाढणाऱ्या गाठींची गोष्ट निराळी. त्यातल्या काही हाडाच्याच असतात. पण बऱ्याचशा निघतात त्या दात घडवणाऱ्या पेशींतून. या पेशींचं काम आपल्या लहानपणीच संपतं. त्यांनी निमूट निघून जावं अशी अपेक्षा असते, पण काही जणी निवृत्त झालेल्या हेडक्लार्कसारख्या जागा अडवून बसून राहतात. पुढे त्या काय करतील सांगता येत नाही. कधी हाड पोखरत पसरतात, आणि वरवर खरवडून काढल्या तर पुन्हा येतात. अशा वेळी जबड्याचा तेवढा तुकडाच कापावा लागतो. कधी मात्र त्या नुसता गोंधळ घालतात. एक सुळा करायला बसतात आणि मूठभर चिमुकले दात करून ठेवतात. ही दुसरी गाठ निरुपद्रवी. काढली की विषय संपला.

एका उन्हाळ्यात नामपूरची एक बाई बरणी घेऊन आली. सोबत तिची चौदा वर्षांची मुलगी, तोंडाला ओढणी लावलेली. सटाण्याच्या दातांच्या डॉक्टरांनी तिच्या खालच्या जबड्यातून गाठ काढली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, "गाठ, खालचा जबडा, डावीकडे पुढे." डॉक्टर लोक लग्नपत्रिकेला जेवढे शब्द खर्च करतात त्याच्या दहावा हिस्सा जरी चिठ्ठीला केले असते तरी माझे केस उशिरा पिकले असते.

बरणीत बोराएवढा मऊ तुकडा होता. काप बघितले आणि मला बरं वाटलं नाही. दात घडवणाऱ्या पेशींच्या रांगाच रांगा, आणि आजूबाजूला दाताच्या गाभ्यासारखी मऊ भर. दात मात्र कुठेच नाही. जे दिसत होतं तेवढंच वाचलं तर ही पुन्हा पुन्हा उगवणारी गाठ ठरत होती. फक्त एक खटकत होतं. ती जात सहसा मागे, दाढांपाशी सापडते. ही पुढे, सुळ्याच्या जागी होती.

सटाण्याला फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर भाच्याच्या लग्नाला गेलेत. एक्सरे? तो कपाटात आहे. कपाटाची किल्ली? ती लग्नाला गेली आहे.

ठरल्या दिवशी बाई रिपोर्टला आली. मुलगी बाकावर बसून जिभेनं गालाच्या आत काहीतरी चाचपत होती. बाई म्हणाली, "डाक्टर सांगे, रिपोर्ट वाईट उना ते जबडा कापना पडी." हे ती मुलीसमोरच म्हणाली. मुलीची जीभ थांबली.

मी रिपोर्ट हातात दिला नाही. विचारलं, "डॉक्टरांनी जे जे काढलं ते सगळं या बरणीत होतं ना?"

"हो. गाठ व्हती, आन् दात व्हतात."

"कसले दात?"

"बारीक बारीक. तांदूळना दानासारखा."

मी खुर्चीत सरळ बसले. "कुठे आहेत ते?"

"ते धाबावर टाकी दिनात."

गाठ काढली त्या दिवशी नाशिकची शेवटची गाडी चुकली म्हणून बरणी एक मुक्काम नामपूरला राहिली होती. बाईनं ती उघडून बघितली. आत दात. पोरीच्या तोंडातून निघालेल्या दाताचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं. एकेक दात शेणाच्या गोळीत घालायचा आणि घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, टाकायचा, की नवा दात येतो. एवढे दात एकदम कुणाच्या तोंडातून निघाले नव्हते, तरी तिनं कंटाळा केला नाही. मऊ तुकडा तेवढा परत बरणीत घातला.

"बाई, ते पण तपासायचे होते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"डाक्टरनी गाठ तपासाले लाई," ती म्हणाली. "दातस्नं काय तपासानं शे?"

तिचं बरोबर होतं. समोरच्याचं बरोबर असलं की मी आणखी चिडते. मी सांगितलं, ते सगळे उतरवून आणा, एकूण एक. तोवर रिपोर्ट मिळणार नाही आणि पोरीला कुठेही हलवायचं नाही. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक अक्षर लिहीत नसते.

दोनच दिवसांत ती हजर. पदराच्या गाठीत वाळलेल्या शेणाच्या गोळ्या. धाब्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांतून निवडून काढल्या म्हणे. मी विचारलं, "सगळे आणलेत?" तिनं मान हलवली.

मी गोळ्या पाण्यात भिजवल्या. वैद्यकीच्या कुठल्याही पुस्तकात ही पायरी दिलेली नाही. खाली दात उतरले, एकेक तांदळाच्या कणीएवढा, पण प्रत्येकाला टोक आणि मूळ. काही आम्लात मऊ करून कापले. आत सगळं जिथल्या तिथे होतं, बाहेर दाताचा कठीण थर, मध्ये गाभा. म्हणजे बरणीतला तो मऊ तुकडा या कारखान्याचा उरलेला कच्चा माल होता, दुसरं काही नाही. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन झेरॉक्सवाल्याला चहा पाजला. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, दात सापडले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

रिपोर्टात लिहिलं: निरुपद्रवी गाठ, सोबत आणलेले सर्व दात तपासले, आणखी शस्त्रक्रियेची गरज नाही. शेणाचा उल्लेख केला नाही.

दोनेक वर्षांनी त्या मायलेकी पुन्हा आल्या, दुसऱ्याच कुणाचं रक्त तपासायला. मुलगी आता ओढणी गळ्यात ठेवून होती. आईनं सांगायच्या आधीच तिनं तोंड उघडून दाखवलं. गाठीखाली दबून राहिलेला सुळा वर आला होता, जरा वाकडा, पण चांगला भक्कम. मी तिचा जबडा हातात धरून उजेडाकडे वळवला आणि उगाचच बराच वेळ बघत राहिले. माझ्याकडे येतात ते जबड्याचे तुकडे. अख्खा जबडा क्वचितच बघायला मिळतो.

"वाट मोकळी झाली की येतोच दात," मी बाईला समजावून सांगितलं. "गाठीनं अडवून धरला होता."

बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमले राग येवाव्हता म्हनीसन बोलनू नही. सगळा दात नही आनेल व्हतात मी. एक धाबावरच ऱ्हाऊ दिन्हा. नहीतर हाऊ कोठून येता?"