बाबांचा रस्ता समुद्रापाशी संपायचा

मंडळी, नुकतीच हॉटेलवर पोचलेय. अंगात त्राण नाही, तरी लिहितेय.

ॲरिझोनाच्या वाळवंटात आज दिवसभर गाडी मीच चालवली. लाल दऱ्या, त्यांच्यापुढे आणखी लाल दऱ्या. मागे मुलं मोबाइलमध्ये, शेजारी आई खिडकीबाहेर बघत.

दुपारी तिनं विचारलं, "समुद्र कधी यायचा गो?"

"आई, इथं कुठला समुद्र?" मी चिडलेच.

पण तिचं काय चुकलं? ऐंशीच्या दशकात आम्ही बहारीनला गुदैबिया भागात राहायचो. बाबा आठवडाभर सित्र्याला कंपनीची बस चालवायचे, आणि शुक्रवारी सुट्टी असली की मित्राची गाडी मागून आणून आम्हाला फिरवायचे. बेटच ते, कुठल्याही रस्त्यानं जा, थोड्या वेळात समोर पाणी. "खलास! संपला रस्ता," बाबा म्हणायचे. आम्ही हिरमुसायचो. मग ते म्हणायचे, "एकदा न संपणाऱ्या रस्त्यानं नेईन तुम्हाला." ते राहूनच गेलं.

आज संध्याकाळी तसाच रस्ता समोर होता. आई हळूच म्हणाली, "पुरे गो आता. ह्यांचा रस्ता बरा होता. जेवायला घरी तरी पोचायचो."

सांगा, उद्याची दोन नॅशनल पार्कं सोडून गाडी समुद्राकडे वळवली, तर कुणाचं काय बिघडेल?