भिंगरीच्या चेहऱ्याचा साचा

माझी भाची भिंगरी जखमा करायला शिकते. कुणी विचारलं की मी असंच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघत बसते. मग खुलासा करते, की ती मेकअपच्या शाळेत आहे, पण नवरी सजवण्याच्या वर्गात नाही. तिच्या वर्गात भाजलेलं, कापलेलं, सडलेलं असं सगळं रबर आणि रंगांतून उभं करतात, नाटक-सिनेमांसाठी. आमच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी कापलेला कान असायचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी किंचाळले. दुसऱ्यांदा तो बाजूला सरकवला आणि लोणी काढलं. माणसाला कशाचीही सवय होते.

दादाला मात्र झाली नाही. दादा म्हणजे भिंगरीचा बाप, माझा थोरला भाऊ, धंद्याने गवंडी. "लोक जखमा बऱ्या करायला शिकतात, आमची पोर करायला शिकते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचा, पण तिच्या टेबलाजवळ फिरकायचा नाही. त्याला कारण होतं. भिंगरी लहान असताना एक अर्धवट बांधलेली भिंत दादाच्या अंगावर आली. सोबत त्याचा जोडीदार होता, दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. दादाला जिवंत बाहेर काढलं, जोडीदाराला नाही. त्या दिवसाबद्दल दादा घरात एक अक्षर बोलला नाही. तेव्हापासून तो डोक्यातून घालायचा कपडा मात्र घालत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही खिडकी उघडी टाकून झोपतो. वहिनी बिचारी दोन पांघरुणं घेते.

भिंगरीच्या शेवटच्या परीक्षेचा विषय होता, अपघातातून वाचलेला माणूस. तिने कुणाला न विचारता ढिगाऱ्यातून काढलेली बाई निवडली. मी तिची चित्रं बघितली आणि काय ते ओळखलं. धुळीने राखाडी झालेला चेहरा, केसांपासून भुवईपर्यंत फाटलेली कातडी, सुजून मिटलेला एक डोळा. इस्पितळाच्या दारात स्ट्रेचरवर तिने आपला बाप तसाच बघितला होता, माझा हात धरून. दादाने चित्रं बघितली की नाही, कळायला मार्ग नव्हता.

असा चेहरा करायचा तर आधी खऱ्या चेहऱ्याचा साचा लागतो. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घ्यायला वापरतात ती पावडर पाण्यात कालवून तोंडभर थापायची. डोळे बंद, ओठ बंद, फक्त नाकपुड्या मोकळ्या. ती घट्ट झाली की वरून प्लास्टरच्या पट्ट्या, हात मोडल्यावर घालतात तशा. मग सगळं अलगद उचलायचं, आत प्लास्टर ओतून हुबेहूब मुखवटा करायचा आणि त्यावर एकेक जखम घडवायची. साच्यासाठी तिची मैत्रीण बसणार होती. बसलीही. पण डोळे झाकले गेले तशी तिने सगळं ओरबाडून काढलं, रडली आणि घरी निघून गेली. पावडर उरली ती जेमतेम एकदा पुरेल एवढी. नवी येईपर्यंत परीक्षा होऊन गेली असती. साचा नाही तर चेहरा नाही, आणि चेहरा नाही तर वर्ष वाया.

भिंगरीने ठरवलं की आपल्याच चेहऱ्याचा साचा घ्यायचा आणि परीक्षेत जखमा स्वतःलाच लावायच्या. नियमात ते बसत होतं. पण आपल्या तोंडावर आपण कसं थापणार? वर्गातले सगळे आपापल्या कामात बुडालेले, वहिनी कामावर, आणि माझी बोटं संधिवाताने आखडलेली. ती फोनवरून ह्याला त्याला गळ घालत होती आणि आयुष्यभर गिलावा केलेला माणूस शेजारी चहा पीत बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण हे तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. शेवटी दादाच उठला, कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाला, "कसं कालवायचं ते सांग."

तिने सांगितलं. एखादा गोळा नाकाकडे घसरला तर काडीने हलकेच बाजूला करायचा, नाकाला हात लावायचा नाही. ती ठीक असेल तोवर एक बोट वर ठेवेल. खुर्चीवर दोनदा थापटलं तर सगळं ओढून काढायचं. मग तिने बापाकडे बघितलं. "बाबा, तुम्हाला जमेल ना?" दादा म्हणाला, "तोंड मीट."

दादाचा हात बघण्यासारखा आहे. कपाळ, गाल, हनुवटी, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. ओठांपाशी आला आणि हात थांबला. मी दारात उभी राहून उंटावरून शेळ्या हाकत होते, ओठ राहिले, ओठ राहिले म्हणून. "दिसतंय मला," तो म्हणाला, आणि त्याने पोरीचं तोंड बुजवलं. मग डोळे. खुर्चीत आता भिंगरी नव्हती, एक पांढरं ढेकूळ होतं आणि त्याला दोन भोकं. दादाने पट्ट्या भिजवून वरून बसवल्या, हातात काडी घेतली आणि समोर स्टूल ओढून बसला.

"ऐकू येतंय ना?" बोट हललं. "मी इथेच आहे."

मग तो म्हणाला, "तुझी चित्रं बघितली मी."

बोट तसंच वर राहिलं.

"चांगली आहेत. फक्त धूळ कोरडी दाखवलीस. नाकातोंडापाशी ती कोरडी राहत नाही, श्वासाने तिचा चिखल होतो." तो काडीकडे बघत बोलत होता. "तो माझ्या शेजारीच होता. बोलत होता माझ्याशी. मग त्याच्या नाकात जायला लागलं, आवाजावरून कळत होतं मला. माझा एक हात मोकळा होता. वीतभर कमी पडला."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी चौकट धरून उभी राहिले. आणि नेमका तेव्हाच नाकाशेजारचा, सगळ्यात शेवटी लावलेला एक ओलसर गोळा सुटला आणि डाव्या नाकपुडीवर आला. वर्गात शिकवल्याप्रमाणे भिंगरीने नाकातून जोरात फुंकलं. तिथे एक बुडबुडा आला आणि फुटला.

काळजीचं काही नव्हतं. एक काडी फिरवली असती तर संपलं असतं. पण दादाने तो बुडबुडा बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. काडी खाली पडली. त्याने अंगठा घातला. एक नाकपुडी उकरली, दुसरी उकरली, मग अख्खं नाक. घट्ट होत आलेले गोळे तुटून जमिनीवर पडत होते. मी ओरडत होते, की अरे बोट बघ तिचं, बोट वर आहे. त्याला ना बोट दिसत होतं, ना मी.

भिंगरीने खुर्चीवर थापटलं नाही. चाचपडत तिने त्याचं मनगट धरलं. ढकललं नाही, नुसतं धरून ठेवलं. तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. प्लास्टर वाळेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

साचा निघाला. पापण्यांचे केससुद्धा उमटले होते, पण नाकाच्या जागी आरपार भोक होतं. "वाया घालवलं मी," दादा म्हणाला. ती न्हाणीघरात गेली आणि नळ मोकळा सोडून आत बसली. ती रडत होती आणि चिडलीही होती, खोटं कशाला सांगायचं. त्यानंतर घरात फक्त जेवायला चला आणि दिवा घालवा एवढंच बोलणं झालं. ती रात्रंदिवस त्या बिननाकाच्या मुखवट्यापाशी बसलेली असायची. दादा दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. वर्ष बुडालं तर आपल्यामुळे, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

परीक्षेच्या दिवशी घरच्यांना बसायला खुर्च्या होत्या. भिंगरी बाहेर आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. फाटलेली कातडी, मिटलेला डोळा, ओठांच्या कडेला धुळीचा ओला चिखल. फक्त नाक स्वच्छ होतं. नाकावर आणि भोवती तिची स्वतःची कातडी, आणि तिथून गालाकडे ओढत गेलेले अंगठ्याचे दोन फराटे.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाई भिंग घेऊन वाकल्या. जखमांच्या कडा कुठे उचललेल्या दिसत नाहीत म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "नाक का सोडलंस? धूळ तर आधी तिथेच बसते."

"बसली होती," भिंगरी म्हणाली. "पुसली कुणीतरी."

"कुणी?"

"शेजारी होता त्याने. त्याचा हात पोचला."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या मुलीकडे वळल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत दादा रडत होता, सगळ्या लोकांसमोर, हुंदके देऊन, आणि मी त्याला गप्प केलं नाही.