सीटवरची शाबासकी

बंगळुरात, येलहंक्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेकॅनिक बसतो. निपाणीकडचा आहे, मला अक्का म्हणतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुरुस्त केलेली गाडी सुरू झाली, की तो हात पुसून सीटवर दोन थापा मारतो आणि हळूच म्हणतो, "शाब्बास." गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नाही.

मला शब्दांची खोड आहे. एकदा त्याला सांगितलं, हा शब्द फारसीतला, 'शाद बाश', म्हणजे आनंदात राहा.

"असं व्हय," म्हणाला आणि प्लग घासत राहिला.

यंदा माझी पुण्याहून आणलेली जुनी स्कूटर बंद पडली. दोन दिवस खटपट करून त्याने मान हलवली. "हिचं आता झालं, अक्का. भंगारात द्या."

त्याने हात पुसले, सीटवर दोन थापा मारल्या. "शाब्बास."

"अहो, ती सुरू कुठे झाली?"

"तुम्हीच सांगितलासा की, आनंदात राहा म्हणून. त्याला सुरू कशाला व्हायला पाहिजे?"

मग मीही हात पुढे केला. सीट उन्हाने छान तापली होती.